'प्रिकेरियस' म्हणजे नेमकं काय? साप प्रिकेरियस का नसतो?

अभ्यासिका_कोपरा

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत आम्ही सात जण बसतो. गणित सगळ्यांचं बरं आहे, इंग्रजीत सगळ्यांचीच बोंब. म्हणून रोज पाच नवे शब्द पाठ करायचे ठरवलं. पुठ्ठ्याचे तुकडे कापले, एका बाजूला शब्द, मागच्या बाजूला मराठी अर्थ.

परवा 'प्रिकेरियस' आला. मागे लिहिलेलं: अनिश्चित, असुरक्षित, धोकादायक. मी तीन अर्थांची तीन वाक्यं केली.

'द स्नेक इज अ प्रिकेरियस अ‍ॅनिमल.' शिकवणीच्या सरांनी लाल रेघ मारली.
'द रेन इज प्रिकेरियस.' यावर नुसतं प्रश्नचिन्ह.
'आय अ‍ॅम प्रिकेरियस अबाउट माय रिझल्ट.' यावर सर हसले.

का चुकलं विचारलं तर म्हणाले, "शब्द वापरत राहा, आपोआप कळेल." आता वापरलाच तर होता ना! परीक्षेत रिकाम्या जागेला पर्याय येतात ते असे: प्रिकेरियस, पेरिलस, व्होलटाइल, टेन्यूअस. मला चारही सख्खे भाऊ वाटतात. कोणी नीट समजावून सांगेल का?

एक_नंबरी_पोट्टा

सापाले इंग्रजी येत नाही म्हणून वाचली ताई. नाहीतर मानहानीचा दावा लावला असता त्यानं.

धुऱ्यावरचा

माह्या पोरीनं हा शब्द घरात मोठ्यानं पाठ केला होता मागच्या वर्षी. माहे बाबा ओसरीतून म्हने, "पीकपेरा? तो तं भरला ना म्या ई-पीक पाहणीत, कायले वरडून राह्यली?" तवापासून आमच्या घरी या शब्दाले पीकपेराच म्हनते. अर्थ मले अजूनही माहीत नाही. वाचून राह्यलो.

तासिकावाला

ताई, सर हसले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. चूक तुमची नाही, पुठ्ठ्याची आहे. मागच्या बाजूला तीन सुटे शब्द लिहिले की डोकं त्यातला सगळ्यात सोपा उचलतं. तुम्ही 'धोकादायक' उचलला.

साप दुसऱ्याला धोका करतो. प्रिकेरियस वस्तू दुसऱ्याला काही करत नाही, ती स्वतःच पडायच्या बेतात असते. तिची पकड कच्ची असते. म्हणजे साप 'डेंजरस'. पण वाळक्या फांदीवर चढून बसलेल्या सापाची बैठक 'प्रिकेरियस' म्हणता येईल. फांदी मोडली की साप खाली.

दुसरं, हा शब्द सहसा माणसाला लावत नाहीत. माणसाच्या स्थितीला, पदाला, पोटापाण्याला, तब्येतीला, तोलाला लावतात. 'ही इज प्रिकेरियस' कानाला खटकतं, 'हिज पोझिशन इज प्रिकेरियस' बरोबर. तुमच्या तिसऱ्या वाक्यात तुम्हाला म्हणायचं होतं की निकालाबद्दल जीव टांगणीला लागलाय. त्याला 'अ‍ॅन्क्शस' किंवा 'अ‍ॅप्रिहेन्सिव्ह'. मराठीत हवालदिल माणूस वेगळा आणि डळमळीत खुर्ची वेगळी, तसंच हे.

उच्चारात जोर मधल्या 'केअ' वर द्यायचा: प्रि-केअ-रियस. सुरुवातीचा 'प्रि' आखूड. तो 'प्री-पेड' मधला 'प्री' नाही.

पावसाचं वाक्य राहिलं. तिथे सरांनी रेघ न मारता प्रश्नचिन्ह का केलं ते मला कळतंय, पण जरा विचार करून लिहितो. आता चौथी तासिका आहे.

पुण्यातली_वऱ्हाडीण

तासिकावाले सर, थोडी असहमत. आजच्या इंग्रजी कोशांत प्रिकेरियसखाली धोक्याचा अर्थ दिलेला असतो. आमच्या ऑफिसात एकाने घाटरस्त्याला 'प्रिकेरियस रोड' म्हटलं होतं, कोणी हसलं नाही. मग ताईंचं वाक्य चूक आणि त्याचं बरोबर, असं का?

(मूळची कारंजा लाडची, आता हिंजवडीत. बऱ्याच दिवसांनी 'पीकपेरा' शब्द वाचून डोळे पाणावले. 😄)

तासिकावाला

कोशात धोका दिलाय, बरोबर. पण कोणता धोका? पकड सुटण्याचा. घाटरस्ता एका बाजूला दरी घेऊन जातो, चाक घसरलं की गेलं. तिथे पकडीचाच प्रश्न आहे, म्हणून शब्द चालून जातो. सापाच्या बाबतीत पकड कुठे आली? कीटकनाशक 'हॅझार्डस', पूर आलेल्या नाल्यातून गाडी घालणं 'पेरिलस', कापसाचा भाव 'व्होलटाइल'. यातलं काहीच प्रिकेरियस नाही. पण त्या भावावर ज्याचं घर चालतं त्याची अवस्था प्रिकेरियस.

अभ्यासिका_कोपरा

म्हणजे भाव व्होलटाइल आणि बाबा प्रिकेरियस. नाही नाही, बाबांची *अवस्था* प्रिकेरियस. बरोबर ना?

तासिकावाला

पैकीच्या पैकी.

धुऱ्यावरचा

असं असन तं माह्या वावरातलं मचाण सगळ्यात मोठं पीकपेरा हाय. रानडुकरं येते म्हनून रात्री जागलीले जा लागते. चार बल्ल्यांवर मचाण, त्यातली एक बल्ली खालून कुजली. बसलो की कुरकुर करते. मी मधात बसत नाही, तीन चांगल्या बल्ल्यांच्या बाजूनं सरकून बसतो. डुक्कर आलं तं हाकलाले उठू का तोल सांभाळू, हेच समजत नाही.

एक_नंबरी_पोट्टा

काका, डुकरं खालून पाहून हसत असतील.

तासिकावाला

धुऱ्यावरचे भाऊ, तुम्ही परीक्षेचं वाक्य दिलंत: 'ही सॅट प्रिकेरियसली ऑन द मचान.' मचान हा शब्द इंग्रजी कोशांतही आहे, शिकाऱ्यांनी नेलेला. ताई, हे क्रियाविशेषणाचं रूप पाठ करा, 'प्रिकेरियसली'. टेबलाच्या काठावरचा पेला, कुटारानं वरपर्यंत भरलेली बंडी, एका खिळ्यावर लटकलेला फोटो, सगळीकडे चालतं. आणि भाऊ, ती बल्ली बदला.

शब्दखोद

धागा चांगला चाललाय. जरा मुळापाशी जाऊ या, कारण पावसाच्या प्रश्नचिन्हाचं उत्तर तिथे आहे.

लॅटिनमध्ये 'प्रेकारी' म्हणजे विनवणी करणे, 'प्रेक्स' म्हणजे विनंती, प्रार्थना. त्यावरून 'प्रेकारियस' म्हणजे विनवणी करून मिळालेलं. जे मागून मिळालं ते देणाऱ्याच्या मर्जीवर टिकणार. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तो याच कायदेशीर अर्थाने: दुसऱ्याच्या कृपेवर धरलेलं. डळमळीत, घसरणारं, असुरक्षित हे अर्थ नंतर त्यावर चढले. आणि गंमत पाहा, प्रार्थनेला इंग्रजीत असलेला 'प्रेअर' हा शब्दसुद्धा याच लॅटिन शब्दातून, जुन्या फ्रेंचमार्गे आलेला. एकाच आईची दोन लेकरं, एक देवळात गेलं, दुसरं कोरडवाहू शेतात.

आता पाऊस. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली आला. त्यांनी या शब्दाखाली चक्क तक्रार केलीय की इतका गैर वापरला जाणारा शब्द दुसरा नाही. लोक कुठल्याही अनिश्चित गोष्टीला प्रिकेरियस म्हणतात, हवामानाला म्हणतात, फाशाला म्हणतात. त्यांच्या मते दुसऱ्यावर अवलंबून असल्यामुळे जे अनिश्चित, तेवढंच प्रिकेरियस.

म्हणजे त्या हिशोबाने पाऊस प्रिकेरियस नाही. पाऊस कोणाच्या मर्जीवर आहे? तो स्वतःच मर्जी आहे. त्याच्या भरवशावर जी पेरणी केली ती प्रिकेरियस. ताई, तुमच्या सरांनी पूर्ण रेघ न मारता प्रश्नचिन्ह केलं, माणूस जाणता दिसतो.

पुण्यातली_वऱ्हाडीण

शब्दखोद काका, माहिती भारी आहे. पण जॉन्सनसाहेब हरले ना शेवटी? त्यांनी तक्रार केली म्हणून लोक थांबले नाहीत. आज प्रिकेरियसचा अर्थ लोक वापरतात तोच. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कोशावर आजच्या बँकेचा पेपर सुटत नाही.

शब्दखोद

हरले, शंभर टक्के. मी जॉन्सनची वकिली करत नाही. माझं म्हणणं एवढंच की शब्दाच्या पोटात जुना अर्थ अजून शिल्लक असतो, आणि इंग्रजीचा कान असलेल्या माणसाला तो जाणवतो. म्हणूनच 'प्रिकेरियस लाइव्हलीहुड' लगेच जमतं आणि 'प्रिकेरियस स्नेक' जमत नाही. उपजीविका कोणावर तरी टेकलेली असते. साप कोणावर टेकलाय?

एक_नंबरी_पोट्टा

महादेवाच्या गळ्यावर.

शब्दखोद

😂 हरलो. त्या सापाला मात्र चालेल.

झाडीची_माय

मी हा धागा कालपासून वाचत आहे. इंग्रजीचं मला फारसं कळत नाही, दहावीनंतर सुटलं. मी आशा कार्यकर्ती आहे, गडचिरोली जिल्ह्यात. आमचं काम जेवढं तेवढा मोबदला, आणि तो कधी येईल ते आम्ही विचारायचं नाही. बाळंतीण रात्री दोनला नेली तरी हातात आदेश नाही, नेमणूक नाही, 'स्वयंसेविका' म्हणतात. अकरा वर्षं झाली. 'विनवणी करून मिळालेलं, देणाऱ्याच्या मर्जीवर टिकणारं' हे वाचलं आणि दोन मिनिटं मोबाइल बाजूला ठेवला. आमच्या कामाचं नाव इंग्रजीत आहे हे माहीत नव्हतं.

पुण्यातली_वऱ्हाडीण

ताई, नाव आहे, आणि त्याहून पुढचंही आहे. 'प्रिकॅरिएट' असा शब्द अलीकडे वापरतात, प्रिकेरियस आणि प्रोलेटेरिएट (कामगार वर्ग) यांचा जोड. कायम नोकरी नाही, पुढच्या महिन्याची खात्री नाही, अशा कष्टकऱ्यांचा वर्ग. आणि त्या अवस्थेला 'प्रिकॅरिटी'.

आता माझंच ऐका. हिंजवडी म्हटलं की गावाकडे सगळ्यांना वाटतं पोरगी सेटल झाली. मी तिसऱ्या पक्षाच्या करारावर आहे. प्रोजेक्ट संपला की एका मेलवर घरी. मागच्या वर्षी चार महिने घरी होते, आईला सांगितलं वर्क फ्रॉम होम आहे. म्हणजे वर मी शब्दखोद काकांशी भांडत होते ते कोशातल्या अर्थाचं. जॉन्सनवाला अर्थ तर माझ्या ऑफर लेटरमध्येच लिहिलेला आहे.

तासिकावाला

मी नाव घेतलंय 'तासिकावाला', त्यावरून तुम्ही ओळखलंच असेल. घड्याळी तासावर इंग्रजी शिकवतो. उन्हाळ्याच्या सुटीत तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. दर वर्षी नव्याने मुलाखत. प्रश्न विचारणारे तेच, उत्तरं देणारा मीच. या वर्षी मला विचारलं, "तुम्हाला अनुभव किती?" म्हटलं, "सर, मागच्या वर्षी तुम्हीच विचारलं होतं, त्यात एक मिळवा."

पण धाग्याचा विषय शब्द आहे, माझं रडगाणं नाही. ताई, 'टेन्यूअस' राहिला. तो 'तनु' सारखा, बारीक, विरळ. संबंध, पुरावा, युक्तिवाद यांना लावतात. 'हा माझ्या चुलत्याच्या साडूचा मेव्हणा' हे नातं टेन्यूअस. त्या नात्याच्या जोरावर कोणी दोन महिने घरी राहत असेल तर त्याचा मुक्काम प्रिकेरियस.

संत्राबाग

आणि त्याला रोज चहा देणाऱ्या बाईचा संयम?

एक_नंबरी_पोट्टा

व्होलटाइल.

अभ्यासिका_कोपरा

😂😂 हे मी अभ्यासिकेत मोठ्याने वाचून दाखवलं. चारही शब्द आता कोणीच विसरणार नाही. पण एक घोळ अजून आहे. एका मैत्रिणीने सांगितलं की 'प्रिकेरियस' हुशार लहान मुलालाही म्हणतात. खरं का?

तासिकावाला

नाही, तो 'प्रिकोशस'. दिसायला जुळा, घराणं वेगळं. वयाआधी शहाणं झालेलं मूल.

शब्दखोद

त्याचं मूळ लॅटिनमध्ये 'आधी शिजलेलं, आधी पिकलेलं'. आपल्याकडच्या 'पच्', 'पक्व' यांच्याच कुळातला धातू. म्हणजे अकाली पिकलेलं पोर.

झाडीची_माय

आमच्याकडे धानात हलकं आणि भारी असते. हलकं धान लवकर निघते. मग ते पोरगं हलकं धान.

धुऱ्यावरचा

आमच्याकडे त्याले आगाऊ म्हनते अन् एक ठेवून देते.

खारपाणी

धागा शब्दावर परत आला आहे तरी थोडं लिहितो. शब्दखोद यांनी कायद्यातला मूळ अर्थ सांगितला तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे सगळं पावसावर. आमची स्वतःची जमीन दीड एकर. एका नातेवाइकाची चार एकर पडीत होती, ते शहरात नोकरीला. ते बाबांना म्हणाले, "पडून राहण्यापेक्षा वाहजो अन् खाजो." कागद नाही, मक्ता नाही, बटई नाही. दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे तुरीची डाळ अन् ज्वारी नेऊन द्यायचो, तेही त्यांनी मागितलं म्हणून नाही.

त्या वावरात कुंदा (खोल मुळांचं तण) माजलेला होता. ज्यांनी काळ्या मातीतला कुंदा काढलाय त्यांना सांगायला नको. आई-बाबा आणि मी उन्हाळाभर खांदत होतो, तीन उन्हाळे. धुरे बांधून घेतले. चौथ्या वर्षी पऱ्हाटी अशी उभी राहिली की रस्त्याने जाणारे थांबून पाहायचे. नऊ वर्षं वाहिलं. दहाव्या पाडव्याला ते आले, चहा घेतला, म्हणाले, "आता वावर दुसऱ्याले लावतो." बाबा म्हणाले, "बरं." तेवढंच. त्यांना राग नाही आला. मला आला, अजून आहे. बाबांनी एवढंच म्हटलं की देलं बी त्यायनंच होतं.

हा प्रिकेरियस का?

तालुका_वकील

खारपाणी, शब्दाच्या जन्माची गोष्टच सांगितलीत तुम्ही. रोमन कायद्यात 'प्रेकारियम' नावाचा प्रकार होता. एकाने विनंती करायची, दुसऱ्याने जमीन किंवा वस्तू वापरायला द्यायची, भाडं नाही, मुदत नाही. देणाऱ्याच्या मनात असेल तोवर वापरायची, तो म्हणेल तेव्हा सोडायची. तुमचं वावर अक्षरशः तेच.

आता आपल्याकडे लोक कागद का करत नाहीत, तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं मालक लबाड असतो म्हणून. तसं नेहमी नसतं. विदर्भ प्रदेशासाठीचा कूळवहिवाट कायदा १९५८ चा. कागदावर दुसऱ्याचं नाव लागलं की उद्या तो कूळ म्हणून हक्क सांगेल, ही भीती मालकाच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे. म्हणून तोंडी व्यवहार, म्हणून दर दोन वर्षांनी वाहणारा बदलायचा. भीती मालकाला आणि अस्थिरता वाहणाऱ्याला. कागद नसल्यामुळे वाहणाऱ्याला पीककर्ज नाही, नुकसानभरपाई आली तर ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. कुंदा मात्र ज्याने काढला त्यानेच काढला.

(हा सल्ला नाही, गप्पा आहेत. सल्ल्याची फी वेगळी.)

संत्राबाग

ई-क्लासवर (सरकारी गायरान जमिनीवर) अतिक्रमण करून बसलेल्यांचं पण तसंच. पंचवीस-तीस वर्षं वाहतात, दर निवडणुकीत पट्टा देतो म्हणतात, दर निवडणुकीनंतर नोटीस.

धुऱ्यावरचा

राजकारन नका आणू बाप्पा, धागा बंद करतीन. तो बी मॉडरेटरच्या मर्जीवर हाय.

शब्दखोद

म्हणजे धागाही प्रिकेरियस. 🙂 जॉन्सनसाहेब असते तर या वाक्याला पास केलं असतं.

पुण्यातली_वऱ्हाडीण

एक विचारू? याला मराठीत एकच शब्द नाही का? आपण इतका वेळ इंग्रजी शब्दाभोवती फिरतोय. बेभरवशाचं, डळमळीत, अधांतरी, तकलादू. यातला कुठलाच पूर्ण बसत नाही.

तासिकावाला

तकलादू नाही, त्यात वस्तूच कमअस्सल असते. मचाणाच्या तीन बल्ल्या मजबूत आहेत. 'अधांतरी' बराच जवळ, पण त्यात मर्जी येत नाही. वाक्य पाहून शब्द निवडायचा. तोल असेल तर 'डळमळीत', नोकरी असेल तर 'बेभरवशाची', तब्येत असेल तर 'नाजूक'. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हवा हा हट्ट सोडला की पुठ्ठ्याचं कामही सोपं होतं. ताई, मागच्या बाजूला अर्थ लिहूच नका. मचाणाचं वाक्य लिहा.

खारपाणी

'मर्जीवरचं'. मला हाच बसतो.

एक_नंबरी_पोट्टा

रामभरोसे. विषय संपला.

धुऱ्यावरचा

शब्दखोद काका, एक पुसाचं होतं. तुम्ही एवढे मुळं खांदता, या शब्दाचं आपल्या मराठीशी काहीच नातं नाही का? 'पक्व' तं निंगालं तिकडं.

शब्दखोद

भाऊ, तुम्ही प्रश्नातच उत्तर टाकलंत, तुम्हाला कळलंही नाही.

संस्कृतात 'प्रच्छ्' धातू, 'पृच्छति' म्हणजे विचारतो. त्यातून 'प्रश्न', 'पृच्छा'. लॅटिनचा 'प्रेकारी' याच जुन्या कुळातला. मूळ अर्थ मागणे, विचारणे. 'पृच्छति' चं प्राकृतात 'पुच्छइ' झालं, त्यातून हिंदीत 'पूछना' आणि मराठीत 'पुसणे'. तुम्ही आत्ता म्हणालात ना, 'एक पुसाचं होतं'? शहरी मराठीत 'पुसणे' आता फडक्यापुरतं उरलंय (ते पुसणे वेगळ्या मुळाचं), विचारण्यासाठी 'विचारणे' म्हणतात. वऱ्हाडात अजून पुसतात. तेव्हा तुमचं 'पुस' आणि इंग्रजीतलं 'प्रिकेरियस' हे लांबचे पण खरे भाऊबंद.

संत्राबाग

आले का सगळं संस्कृतातून काढणारे! उद्या लंडनही लाखनवाड्यावरून आलं म्हणाल.

शब्दखोद

मी तसं म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. लॅटिन संस्कृतातून आली नाही आणि संस्कृत लॅटिनमधून नाही. दोन्ही एका जुन्या भाषेच्या नाती. चुलत बहिणीचं नाक सारखं दिसलं म्हणून एक दुसरीची आई होत नाही.

झाडीची_माय

मी आज नवऱ्याला म्हटलं, मला एक पुसायचं आहे, तर तो म्हणाला फडकं मागे आहे. 😄

पुण्यातली_वऱ्हाडीण

माझी आजी 'पुस त्याले' म्हणायची आणि मी तिला 'विचार त्याला म्हण' असं सुधरवायचे. नववीत होते. आता वाटतं तिने एक ठेवून द्यायला हवी होती, धुऱ्यावरचे काका म्हणतात तशी.

अभ्यासिका_कोपरा

उशीर झाला उत्तर द्यायला. गावात दोन दिवस लाइट नव्हती, अन् इकडे सोयाबीनचं निंदण चालू आहे. सकाळी वावरात, संध्याकाळी अभ्यासिकेत.

सगळ्यांचे आभार. पुठ्ठा फाडला, नवा केला. मागे एकच वाक्य लिहिलं. 'अवर सोइंग वॉज प्रिकेरियस; इट डिपेंडेड ऑन अ रेन दॅट हॅड प्रॉमिस्ड अस नथिंग.' दुसरा भाग इथलं वाचूनच सुचला. मृगात पेरलं होतं, पंधरा दिवस पाऊस नव्हता, पेरणी मोडली आणि दुबार पेरावं लागलं, त्यामुळे लिहायला वेळ लागला नाही.

सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, बरोबरची खूण केली. मग माझ्याच पेनने खाली लिहिलं, 'माय जॉब हिअर इज प्रिकेरियस.' मी म्हटलं, सर, हेही बरोबर आहे ना? म्हणाले बरोबर आहे, आणि खोडून टाकलं. म्हणाले वही संस्थाचालकांची मुलगीपण पाहते.

तासिकावाला

सरांना माझा नमस्कार सांगा. ओळख नाही, तरी सांगा.

तालुका_वकील

ताई, वाक्य सुंदर आहे. फक्त परीक्षेत अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम दिलात तरी चालेल, तपासणारा गोंधळत नाही.

तासिकावाला

अर्धविरामच राहू द्या. धुऱ्यावरचे भाऊ, बल्ली बदलली का?

धुऱ्यावरचा

बाजारात पाह्यली, महाग सांगून राह्यला. सध्या खालून गोटे लावले. काल रात्री डुक्कर आलं होतं, मी बसूनच वरडलो.